बालसंस्कार : लेखांक ५ – रागावण्याआधी दाखवावे
मागील लेखांकात गोष्टींच्या द्वारे सद्गुणांची ओळख करून देण्याच्या पद्धतीचा आपण विचार केला. गोष्टीमुळे मुलाच्या मनात सद्गुणाविषयी ओढ उत्पन्न होते हे निर्विवाद आहे. परंतु सौजन्याची गोष्ट ज्याला तोंडपाठ आहे तोच पहिलीतला मुलगा मधल्या सुट्टीत पाण्याच्या पिंपापाशी दुसऱ्याला ढकलून पुढे घुसतो, तेव्हा त्याच्या स्वभावाला नावे ठेवण्यापूर्वी आपण स्वतःला एवढे विचारावे, की आपली पाळी येईपर्यंत कसे उभे राहावे हे त्याला कोणी कधी करून दाखविले होते काय? सौजन्यशीलता, नीटनेटकेपणा, वक्तशीरपणा ही मूल्ये आपल्या शाळांच्या भिंतींवर सुवाच्य अक्षरांत रंगविलेली असतात आणि परिपाठात त्यांचा उच्चारही नित्य होतो. ज्या गुरुजींना ‘अ’ हे अक्षर गिरवून घेतल्यावाचून येणार नाही हे पूर्णपणे मान्य आहे, त्यांनीच सौजन्य मात्र नुसत्या उच्चाराने अंगी बाणेल अशी अपेक्षा धरावी, हे मला फार खेदाचे वाटते.

या संदर्भात डॉ. मारिया माँटेसरी यांचा एक अनुभव मननीय आहे. रोम शहरातील सान लोरेंझो नावाच्या गरीब कामकऱ्यांच्या वस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी त्यांनी आपले पहिले बालगृह उघडले. आईबाप दिवसभर कामावर जात आणि मुले मागे राहत, अशा कुटुंबांतील ही मुले होती. एके दिवशी माँटेसरीबाईंनी त्यांना नाक कसे शिंकरावे याचा पाठ दिला. रुमाल कसा धरावा आणि आवाज न करता, इतरांचे लक्ष वेधले न जाता, हे काम कसे उरकावे, एवढेच त्यांनी सावकाश करून दाखविले. मुले हसतील असे कोणासही वाटले असते. पण ती अत्यंत गंभीरपणे पाहत राहिली आणि पाठ संपताच नाट्यगृहात व्हावा तसा टाळ्यांचा कडकडाट झाला. बाईंना या आनंदाचे कारण उमगले ते असे : नाकावरून मुलांना उठता-बसता बोलणी खावी लागतात, ‘शेंबडा’ म्हणून चारचौघांत त्यांची मानखंडना होते, परंतु ते स्वच्छ कसे ठेवावे हे शांतपणे शिकविण्याची तसदी मात्र कोणी घेत नाही. त्या दिवशी प्रथमच कोणीतरी त्यांचा अपमान न करता त्यांना ती गोष्ट शिकविली होती.

कोणाचाही कसूर झालेला नाही अशा निवांत वेळी वर्तनाचा पाठ द्यावा, हे त्या प्रसंगाचे मर्म होय. भांडण जुंपल्यावर, फिर्यादी आणि आरोपी दोघेही रडत समोर उभे असताना दिलेला उपदेश मुलाच्या कानी पडतो तो केवळ तंबी म्हणून. माँटेसरी पद्धतीत अशा विनय-सौजन्याच्या पाठांना स्वतंत्र स्थान आहे, आणि वर्गाची मांडणीही त्यांना पोषक अशीच असते. उदाहरणार्थ, गुलाबी मनोरा या साधनाच्या ठोकळ्यांचा वर्गात एकच संच ठेवतात. दुसऱ्याला ते हवे असतील तर पहिल्याने ते जागच्या जागी ठेवीपर्यंत थांबावे लागते. येथे संयमावर व्याख्यान होत नाही. मूल रोज थांबते आणि थांबूनही आपल्या वाट्याला ठोकळे येतात, हे स्वतः अनुभवते.

ही दृष्टी आपल्याकडील गरिबांच्या अंगणापर्यंत नेण्याचे श्रेय ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना आहे. बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्यासमवेत भावनगर येथे काम केल्यानंतर ताराबाईंनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणास आरंभ केला व त्याच सुमारास अनुताई त्यांना येऊन मिळाल्या. वस्तीतील मुले शाळेकडे येत नाहीत असे दिसताच शाळाच त्यांच्या वस्तीत नेण्याची तजवीज झाली आणि तिला अंगणवाडी हे नाव मिळाले. पुढे कोसबाडच्या टेकडीवर गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळाही भरविण्यात आली. महागड्या साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, पाने, खडे आले. अंग धुणे, केस विंचरणे, नखे काढणे या गोष्टी तेथे शाळेच्या दाराबाहेरची पूर्वअट मानलेल्या नव्हत्या. त्या शिक्षणाचाच भाग होत्या. अस्वच्छ मुलाला दारातून परत पाठविण्याचा शिरस्ता ज्या काळी सर्रास होता, त्या काळी या दोघींनी हे केले, याचे मोल आपण पुरेसे ओळखलेले नाही.

चाळीस मुलांच्या वर्गाला एकच शिक्षक असला, तरीही वर्तनाचे असे पाठ देणे साधते. सोमवारी पाण्याच्या पिंपापाशी वर्गाला गोल बसवावे. ओगराळे दांड्याशी धरून पाणी काढणे, ते पेल्यात ओतणे, पेल्याला तोंड न लावता पाणी पिणे, पेला पालथा ठेवणे आणि मागच्याला वाट देण्यासाठी डावीकडे सरणे, इतके न बोलता दाखवावे. मग एकेकाकडून करवून घ्यावे. आठवडाभर दुसरा पाठ काढू नये. पुढच्या आठवड्यात दार न आपटता लावणे, त्यानंतर बोलणाऱ्या दोघांच्या मधून न जाणे, असा क्रम ठेवता येईल.

माफीच्या बाबतीत तर अधिकच सावधगिरी हवी. ‘सॉरी म्हण’ असा हुकूम सुटला, की मूल तो शब्द उच्चारते आणि मामला निकालात निघाला असे समजते. ज्याचा गुडघा खरचटला त्याच्याकडे ते पाहतसुद्धा नाही. त्याऐवजी ढकलणाऱ्या मुलाला बरोबर घ्यावे, जखम धुण्यासाठी तांब्या त्याच्या हाती द्यावा आणि विखुरलेले दप्तर दोघांकडून मिळून भरून घ्यावे. माफीचा शब्द त्याच्या तोंडून त्या दिवशी न आला, तरी हट्ट धरू नये.

पालकांनीही पाहुण्यांसमक्ष ‘नमस्कार कर’ असे फर्माविण्याऐवजी आदल्या संध्याकाळी घरातच त्याचा खेळ मांडावा. आजोबांनी पाहुणे होऊन दार वाजवावे, मुलाने ते उघडावे, ‘या, बसा’ म्हणावे, पाणी आणावे. मग भूमिका बदलाव्यात. इतके सारे करूनही मूल दुसऱ्याला मारीत राहिले तर काय करावे, हा शिक्षेचा प्रश्न स्वतंत्र आहे. तो पुढील लेखांकात घेऊ.