बोअरच्या जड पाण्यातला जोडधंदा : आफ्रिकन सिक्लिड मासे

जळकोट आणि आसपासच्या गावांत बोअरच्या पाण्याबद्दल तक्रारच ऐकू येते. चहाच्या भांड्याला पांढरा थर बसतो, साबणाला फेस येत नाही, हीटरची कॉइल लवकर खराब होते. आपल्याकडच्या काळ्या खडकातून येणारे हे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते. पण एक धंदा असा आहे, की ज्यात हे जड पाणी उपयोगी पडते. तो म्हणजे आफ्रिकन सिक्लिड या शोभेच्या माशांचे पालन. छोटे दुकानदार आणि कारागीर बांधवांसाठी त्याची माहिती आम्ही येथे देत आहोत.

हे मासे मूळचे पूर्व आफ्रिकेतील मलावी, टांगानिका आणि व्हिक्टोरिया या मोठ्या सरोवरांतले. मलावीच्या पाण्याचा पीएच साधारण ७.७ ते ८.६ असतो, म्हणजे पाणी क्षारीय. पिवळाधमक ‘इलेक्ट्रिक यलो’, नारिंगी ‘रेड झेब्रा’, निळा पट्टेदार ‘डेमासोनी’ हे सगळे मलावीचे. गोव्याच्या खाडीत मिळणारा काळुंदर हा याच कुळातला आपला देशी मासा.

मिश्र टाकीतील चूक

गिऱ्हाईक दुकानात येते आणि गोल्डफिश, एंजल, गप्पी, सिक्लिड असे रंग पाहून एकेक जोडी मागते. दुकानदारही देऊन टाकतो. आठ दिवसांत निम्मे मासे मरतात आणि गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही. सिक्लिड हा आपली हद्द राखणारा भांडखोर मासा आहे. गोल्डफिशला गार पाणी लागते, एंजल आणि टेट्रा हे मऊ पाण्यातले. म्हणून आफ्रिकन सिक्लिडची मिश्र टाकी म्हणजे सिक्लिडांचीच टाकी. सोबतीला फार तर सायनोडॉन्टिस जातीचा मिशीवाला मासा चालतो. ऑराटस आणि केनी या जाती अति भांडखोर असल्याने नवशिक्यांनी त्या घेऊ नयेत.

टाकी

४ फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी सुरुवातीला योग्य. तिची क्षमता सुमारे २५५ लिटर, म्हणजे नुसत्या पाण्याचेच वजन अडीच क्विंटल. म्हणून स्टँड लोखंडी अँगलचा आणि जमीन सपाट हवी. काच कापणारा, वेल्डर आणि सुतार एकत्र आले तर टाकी, स्टँड आणि झाकण गावातच तयार होते. बुरशीनाशक घातलेले सिलिकॉन मात्र वापरू नये, ते माशांना घातक असते.

आत लपायला दगडांच्या कपारी हव्यात. शहाबादी फरशीचे तुकडे यासाठी उत्तम. ती चुनखडीची असल्याने पाण्याचा क्षारीयपणाही टिकवते. दगड तळावर आधी रचावेत, वाळू नंतर घालावी. हे मासे वाळू उकरतात. दगड वाळूवर ठेवले तर ढासळून काच फुटते.

पाणी

बोअरचे पाणी एक दिवस हवेचा पंप लावून ठेवावे आणि पीएच तपासावा. जारचे आरओ पाणी घालू नये. त्यातले क्षार निघून गेलेले असतात. नळाच्या पाण्यातील क्लोरीन मारण्यासाठी हायपोचे खडे वापरतात.

नव्या टाकीत लगेच मासे भरणे हे नुकसानीचे मोठे कारण. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो आणि क्षारीय पाण्यात तो अधिक विषारी ठरतो. तो पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढायला ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर मासे थोडेच ठेवावेत, खाद्यही कमी द्यावे.

दर आठवड्याला पाव पाणी बदलावे, म्हणजे सुमारे ६० लिटर. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. म्हणून काढलेले पाणी वाया न घालवता झाडांना द्यावे. ते खताचेही काम करते. टाक्यांची संख्या उन्हाळ्यातले पाणी मोजून ठरवावी, पावसाळ्यातले नव्हे. वीज गेल्यावर चालणारा बॅटरीचा पंप घरात असावा आणि थंडीत हीटर लावावा. पाणी २४ ते २८ अंश राहिले पाहिजे.

खाद्य आणि पैदास

खडकात राहणाऱ्या मलावी जाती मुख्यतः शेवाळ खातात. त्यांना स्पिरुलिनायुक्त खाद्य, उकडलेला वाटाणा, पालक द्यावा. मटणाचा खिमा देऊ नये. त्याने पोट फुगून मासे मरतात.

एका नरामागे ३ ते ४ माद्या ठेवाव्यात. मादी अंडी तोंडात घेऊन सुमारे तीन आठवडे सांभाळते. या काळात ती जवळजवळ काहीच खात नाही. गळा फुगलेली मादी ओळखून तिला हळूच वेगळ्या टाकीत न्यावे. पिल्ले सोडल्यावर तिला चारसहा दिवस खाऊ घालून मगच परत सोडावे.

हिशेबासाठी धरू, की ४ माद्यांनी प्रत्येकी २० पिल्ले दिली आणि निम्मी जगली, तर ४० मासे हाती येतात. ते विक्रीजोगे व्हायला काही महिने जातात. खाद्य, वीज आणि मेलेले मासे वजा करूनच नफा मोजावा.

विक्री

मोठी पैदास चेन्नईच्या कोळत्तूर भागात आणि कोलकात्याकडे होते. मुंबईत कुर्ल्याचा बाजार प्रसिद्ध आहे. त्यांच्या भावाशी आपण स्पर्धा करू शकत नाही. आपला फायदा एवढाच, की आपले पिल्लू इथल्याच पाण्यात वाढलेले असते. उदगीर, लातूर, नांदेडच्या गिऱ्हाइकाकडे ते लांबून आलेल्या माशापेक्षा चांगले तग धरते. मात्र रेड झेब्रा आणि त्याच्या जवळच्या जाती एकत्र ठेवल्या तर संकर होतो. संकराचे पिल्लू शुद्ध म्हणून विकणे ही फसवणूक आहे, आणि लहान बाजारात नाव एकदा गेले की परत येत नाही.

केंद्राच्या २०२० सालच्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत घरगुती शोभिवंत मासे घटकाचा खर्च ३ लाख रुपये धरला होता. त्यावर सर्वसाधारण गटाला ४० टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान होते. सध्या काय मिळते, याची जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालयात चौकशी करावी. अनुदानाच्या भरवशावर कर्ज मात्र काढू नये.

शेवटची सूचना. नको झालेले मासे तलावात किंवा नदीत सोडू नयेत. १९५२ साली भारतात आणलेला तिलापिया हाही आफ्रिकन सिक्लिडच. तो ठिकठिकाणच्या तलावांत पसरला आणि देशी माशांच्या मुळावर आला. त्याची झळ मासेमारीवर पोट असणाऱ्यांना बसली. आपल्या जोडधंद्याने दुसऱ्याची रोजी जाता कामा नये.

एका टाकीपासून सुरुवात करा. एक उन्हाळा आणि एक हिवाळा ती नीट सांभाळता आली, तरच दुसरी घ्या.