कागदाचा फोटो पाठवताना नुक्ता जपा

गंगापूरहून जुना निकाहनामा किंवा वक्फचा उर्दू कागद संभाजीनगरच्या वकिलाला, नाहीतर सौदीतल्या भावाला पाठवायचा, तर महागडा कॅमेरा लागत नाही. १२ मेगापिक्सेलचा मोबाइल पुरे; त्याचा फोटो सुमारे ४००० बाय ३००० पिक्सेलचा असतो. पण व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो लहान होतो, बारीक नुक्ते पुसट होतात. नुक्ता गेला की ‘जमाल’चा ‘हमाल’ होतो!

म्हणून फोटो खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, कागदाच्या बरोबर वरून काढा. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. मूळ फाइल तशीच जाते. घरच्यांचे फोटो मात्र असे पाठवू नका. फाइलसोबत ठिकाणाची माहितीही जाऊ शकते.