मलब्याचा धंदा करायचाय? आधी गिऱ्हाईक शोधा, क्रशर नंतर

व्हिडिओत हा हिशेब घाईघाईत सांगितला, इथे सावकाश मांडतो.

चंद्रपूर, मूल, ब्रह्मपुरी, गडचिरोली, कुठेही चक्कर मारा. जुनं कवेलूचं घर पाडून स्लॅबचं घर उभं राहतंय. पाडलेल्या घराचा मलबा जातो कुठे? नाल्यात, नाहीतर जंगलाच्या कडेला. हे पाहिलं की लगेच डोक्यात येतं: माल फुकट आहे, कर्ज काढू, क्रशर घेऊ, गिट्टी करून विकू.

थांबा. मशीनला रोज खायला लागतं. दिल्लीत बुराडीला 2009 मध्ये मलब्याचं केंद्र सुरू झालं, क्षमता रोज 500 टन. पण 2011 च्या जनगणनेत दिल्लीची लोकसंख्या दीड कोटीच्या वर होती. चंद्रपूर शहराची सव्वातीन लाखांच्या आत आणि गडचिरोलीची 54 हजारांच्या आसपास. आपल्याकडे मलबा निघतो, पण थोडा थोडा आणि विखुरलेला. क्रशर उभा राहिला तरी हप्ता थांबत नाही.

मग धंदा कशात आहे? निवडण्यात. घर पाडताना साबूत विटा, चौकटी, दारं-खिडक्या, कवेलू आणि लोखंड वेगळं काढलं तर तो माल. सगळं जेसीबीने एकत्र ढकललं तर तो कचरा.

एक उदाहरण धरू. आकडे फक्त समजण्यासाठी आहेत, तुमच्या गावचे भाव तुम्ही टाका.

विक्री: 4,000 विटा 4 रुपयांनी, म्हणजे 16,000. चौकटी-दारं 12,000. कवेलू आणि लोखंड 7,000. एकूण 35,000 रुपये.

खर्च: घरमालकाला 8,000. सहा मजूर, चार दिवस, 500 रुपये रोज, म्हणजे 12,000. ट्रॅक्टरच्या पाच फेऱ्या 6,000. तुटफूट आणि जागेचं भाडं 2,000. एकूण 28,000 रुपये.

उरले 7,000. छान वाटलं ना? पण उरलेला रोडा, माती, चुन्याचा चुरा कोण उचलणार? मालक म्हणतो, "जागा साफ करून द्या." आणखी पाच फेऱ्या, 6,000 रुपये. हातात राहिले फक्त 1,000!

इथेच हा धंदा बसतो किंवा उठतो. चांगला माल कोणीही विकेल, रोड्याला जागा आधी ठरवून ठेवणारा कमावतो. घर पाडायला घ्यायच्या आधीच जवळपास कोणाच्या घराचं जोतं भरायचंय, कोणाला अंगणात भर टाकायचीय, ते विचारून ठेवा. त्याने नुसतं ट्रॅक्टरचं भाडं दिलं, तरी तुमचे 6,000 वाचले.

चंद्रपूरच्या आसपास एक स्पर्धक मात्र ओळखून ठेवा: राख. इथलं महाऔष्णिक वीज केंद्र 2,920 मेगावॅटचं आहे आणि भरावासाठी राखही वापरली जाते. पण त्याच राखेत संधीही आहे. केंद्र सरकारच्या 31 डिसेंबर 2021 च्या अधिसूचनेनुसार, कोळशावरच्या वीज केंद्रापासून 300 किलोमीटरच्या आत इमारती बांधणाऱ्यांनी राखेच्या विटा वापरायच्या आहेत, पर्यायी मालापेक्षा महाग नसतील तर. आपले दोन्ही जिल्हे या टप्प्यात येतात. राखेच्या विटांत रेती किंवा दगडाची चुरी लागते. रोड्याचा बारीक चुरा तिथे चालतो का, हे एखाद्या वीट कारखानदाराकडे थोड्या विटा पाडून, प्रयोगशाळेत तपासून बघा. चाललं, तर रोज माल घेणारं गिऱ्हाईक मिळालं. छोट्या क्रशरचा विचार तेव्हा करा.

काँक्रीटची गिट्टी विकणार असाल तर आयएस 383 हे मानक माहीत असू द्या. जुन्या काँक्रीटपासून केलेली गिट्टी सळईच्या काँक्रीटमध्ये 20 टक्क्यांपर्यंतच चालते, तेही एम-25 पर्यंत. साध्या काँक्रीटमध्ये 25 टक्के. एम-15 पेक्षा हलक्या काँक्रीटमध्ये पूर्ण चालते. म्हणून "स्लॅबला चालेल" असं सांगून कोणाला माल देऊ नका. एक स्लॅब गेला की तुमचं नाव गेलं.

तीन गोष्टी सांभाळा. एक, आपला भाग सागवानाचा आहे. जुनी चौकट असो वा तुळई, गाडीत भरण्याआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात परवान्याबद्दल विचारा आणि मालकाकडून लेखी पावती घ्या. दोन, जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. ते फोडू नका, कापू नका. त्याची धूळ फुप्फुसात जाते. तीन, पीएमईजीपीचं अनुदान म्हणजे रोख पैसा नाही. ते बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून अडकून राहतं. तोपर्यंत धंदा स्वतःच्या कमाईवर चालला पाहिजे.

या आठवड्याचं काम: तुमच्या गावात पाडायला निघालेली तीन घरं शोधा. प्रत्येकासमोर दोन रकाने करा, काय विकलं जाईल आणि काय उरेल. दुसऱ्या रकान्यासमोर गिऱ्हाईकाचं नाव लिहिता आलं, तर पहिलं घर घ्या. एक ट्रॅक्टर भाड्याने, चार हातोडे, एक वही. सुरुवातीला एवढं पुरे.