समुद्री टाकीचं फिल्टर: काय घरी बनवायचं, काय विकत घ्यायचं?

खाऱ्या पाण्याची टाकी लावायची म्हटलं की माशांआधी फिल्टरची किंमत डोळ्यांसमोर येते. मग यूट्यूबवर कुणीतरी पीव्हीसी पाइपातून फिल्टर बनवताना दिसतो आणि वाटतं, हे तर आपणही करू!

करा की. पण सगळं नाही. माझा नियम सोपा आहे: जे जागचं हलत नाही ते बनवा, ज्यात मोटर फिरते ते विकत घ्या.

आधी बनवायचं काय? संप. हरताळ नव्हे हो, मुख्य टाकीखाली ठेवायची दुसरी टाकी! पाणी वरून ओव्हरफ्लोने खाली येतं, कप्प्यांतून गाळलं जातं आणि पंपाने परत वर जातं. काचवाल्याकडून मापाने काचा कापून घ्या, कप्पे सिलिकॉनने चिकटवा. सिलिकॉनवर बुरशीरोधक लिहिलं असेल तर ते नको, त्यातलं रसायन माशांना घातक ठरतं. आणि पाण्याला लागेल तिथे पितळ किंवा तांबं बिलकुल नको. तांब्याने कोळंबी, शंख, प्रवाळ मरतात.

आता खरी गंमत, म्हणजे गणित. समजा, वरची टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद आहे. वीज गेली, पंप थांबला, तरी ओव्हरफ्लोच्या काठाच्या वरचं पाणी खाली येतच राहतं. पातळी फक्त ३ सेंटीमीटर उतरली तरी साधारण साडेबारा लिटर पाणी होतं! संपमध्ये तेवढी जागा कायम रिकामी हवी, नाहीतर ते पाणी खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छतातून टपकणार. शिवाय परतीच्या पाइपाचं तोंड पाण्यात बुडलेलं असेल, तर तो पाइपही पाणी उलटं खेचतो. म्हणून त्या पाइपाला पाण्याच्या पातळीच्या जरासं खाली एक बारीक भोक पाडा. पातळी तिथवर उतरली की हवा आत शिरते आणि ओढ तुटते. ते भोक शेवाळाने बुजत नाही ना, हे अधूनमधून बघा.

मासे आणण्याआधी चाचणी घ्या: टाकी भरा, पंप चालवा, सरळ प्लग काढा. संप सांडला नाही? मग पास.

विकत काय घ्यायचं? पंप, हीटर आणि प्रोटीन स्किमर. स्किमरमध्ये बारीक बुडबुडे सोडतात. माशांची घाण आणि उरलेलं खाणं यांतले प्रथिनांसारखे पदार्थ बुडबुड्यांना चिकटतात, फेसाबरोबर वर चढून कपात पडतात. म्हणजे कुजून अमोनिया होण्याआधीच बाहेर! खाऱ्या पाण्यात बुडबुडे चटकन एकमेकांत मिसळत नाहीत, बारीकच राहतात, म्हणून ही युक्ती तिथे जमते.

लाकडी एअरस्टोन लावून स्किमर घरी बनवता येतो, चालतोही. पण दगड बुजत जातो, बुडबुडे मोठे होतात, फेस कमी होतो, आणि दगड बदलत बसावं लागतं. विकतच्या बऱ्याच स्किमरमध्ये पंपाचं काटेरी चक्रच हवेचे बारीक तुकडे करतं. ते घरी तितकं नेमकं जमवणं अवघड. हीटरचं तर बोलायलाच नको. खारं पाणी आणि वीज एकत्र असताना जुगाड नको. घरात आरसीसीबी हवाच. प्रत्येक वायरला सॉकेटच्या खाली एक झोळ ठेवा, म्हणजे ओघळ सॉकेटपर्यंत न जाता खाली टपकेल.

आणखी एक. फुकटात मिळतंय म्हणून मालवणच्या किनाऱ्यावरून प्रवाळाचे दगड उचलून आणू नका. कठीण प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षण आहे. दुकानात मिळणारे सच्छिद्र सिरॅमिकचे दगड घ्या. उपयोगी जिवाणू त्यांवरही वाढतात, फक्त काही आठवडे थांबावं लागतं.

संप बनवून वाचलेल्या पैशांतून बॅटरीवर चालणारा एअरपंप नक्की घ्या. मे महिन्यात पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन आधीच कमी असतो. रात्री लाइट गेली तर मासे आधी गुदमरतात, फिल्टरचा विचार नंतर.

तुमचा संप प्लगच्या चाचणीत पास झाला का, कमेंटमध्ये नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात!