संकेतस्थळासाठीं होस्टिंग कंपनीची निवड

आंबा, गूळ, बेदाणा इत्यादि माल दलालावांचून थेट गिऱ्हाइकास विकावा या हेतूनें आमच्या पुष्कळ शेतकरी बंधूंनीं व त्यांच्या उत्पादक कंपन्यांनीं स्वतःचीं संकेतस्थळें काढिलीं आहेत. संकेतस्थळाचा मजकूर, छायाचित्रें व मागण्यांच्या नोंदी ज्या यंत्रावर राहतात त्यास सर्व्हर म्हणतात, व त्यावरील जागा भाड्यानें देण्याच्या धंद्यास होस्टिंग. ही एक प्रकारची वखारच होय. मोठ्या कंपनींत आपली दाद लागत नाहीं म्हणून अनेकजण लहान कंपनीकडे वळतात. तेथें फोन घेणारा मनुष्य आपणांस ओळखतो, हा लाभ खरा आहे. परंतु ती विश्वासू आहे हें कशावरून ठरवावें?

आमचें आयुष्य महसुली दप्तरांत गेलें, त्यामुळें आम्हांस पहिला प्रश्न सुचतो तो हाच, कीं उताऱ्यावर नांव कोणाचें? संकेतस्थळाचें नांव, म्हणजे डोमेन, आणि होस्टिंग या दोन निरनिराळ्या बाबी आहेत. पहिली सातबाराची, दुसरी भाडेपावतीची. लहान कंपन्या बहुधा दोन्ही एकत्र विकतात, आणि कांहीं तर सोयीच्या सबबीवर डोमेन स्वतःच्याच नांवें नोंदवितात. आमच्या परिचयाच्या एका उत्पादक कंपनीचें असेंच झालें. बिलावरून तंटा निघाला, ऐन आंब्याच्या हंगामांत संकेतस्थळ बंद पडलें, आणि खोक्यांवर छापलेला पत्ता ज्याच्या नांवें होता तो गृहस्थ फोन घेईना. शेवटीं नवें नांव घेऊन सारीं खोकीं पुन्हां छापावीं लागलीं. याकरितां डोमेन संस्थेच्याच नांवें व संस्थेच्याच ई-मेलवर नोंदवावें, पावती तशीच घ्यावी, आणि त्या खात्याचा पासवर्ड संस्थेच्या दप्तरीं असावा. 'डॉट इन' नांव एका वेळीं १० वर्षांपर्यंत नोंदवितां येतें. शक्य तर डोमेन एकाकडे व होस्टिंग दुसऱ्याकडे ठेवावें.

दुसरें विचारावें तें हें, कीं सर्व्हर कोणाचा? पुष्कळ लहान कंपन्यांपाशीं स्वतःचा सर्व्हर नसतो. मोठ्या कंपनीकडून जागा घेऊन त्या ती पुढें देतात. यांत दोष कांहीं नाहीं, पण हें त्यांनीं उघड सांगितलें पाहिजे. पोटकूळ आपलें भाडें चुकतें करितो, पण मूळ कुळाकडे बाकी थकली तर दोघेही बाहेर पडतात. कंपनीची नोंदणी झाली असल्यास तिचें स्थापनेचें वर्ष व सद्यःस्थिति केंद्र सरकारच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पाहतां येते. तिचा जीएसटी क्रमांकही असाच पडताळून पाहावा. दहा मिनिटांचें काम आहे, पण तें कोणी करीत नाहीं.

राखीव प्रतीविषयीं, म्हणजे बॅकअपविषयीं, केवळ "आम्ही घेतों" एवढ्या उत्तरावर समाधान मानूं नये. ती रोज निघते कीं आठवड्यानें, कोठें राहते, आणि मागितल्यास परत किती वेळांत मिळते, हें लेखी घ्यावें. फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथें ओव्हीएच या युरोपांतील बड्या होस्टिंग कंपनीची एक इमारत १० मार्च २०२१ रोजीं आगींत जळून गेली. कांहीं ग्राहकांच्या राखीव प्रतीही तेथेंच होत्या, त्या मूळ मजकुराबरोबर गेल्या. तात्पर्य, कंपनी लहान असो वा मोठी, महिन्यास एक प्रत आपल्या घरच्या संगणकावर उतरवून घ्यावी. ज्या कंपनीस हें आवडत नाहीं तिच्याकडे जाऊंच नये.

दराविषयीं थोडेंच सांगतों. पहिल्या वर्षाचा दर पाहून भुलूं नये, नूतनीकरणाचा दर विचारावा. तो बहुधा बराच अधिक असतो. "अमर्याद जागा" असें छापलेलें असतें तेथें अटी वाचाव्या, मर्यादा त्यांतच सांपडते. ९९.९ टक्के सेवेची हमी म्हणजे वर्षांत सुमारें पावणेनऊ तास बंद राहण्याची मुभा होय. हे तास हंगामांत आले तर नुकसान आपलें, आणि भरपाई बहुधा भाड्याच्या कांहीं अंशापुरतीच.

पैसे भरण्यापूर्वीं रविवारीं सायंकाळीं एक साधा प्रश्न लिहून पाठवावा : "आम्हांस पुढें दुसरीकडे जावयाचें झाल्यास सर्व मजकूर व डोमेन किती दिवसांत आमच्या हातीं द्याल?" उत्तर केव्हां येतें व सरळ येतें कीं आढेवेढे घेतलेलें, हें पाहावें. उत्तर समाधानकारक वाटल्यासही प्रथम एकाच वर्षाचें भाडें भरावें, आणि मुदत संपण्याची तारीख पीककर्जाच्या हप्त्याशेजारीं वहींत टिपून ठेवावी.