एफ-१ दाबायला चंदगड! दूरच्या कॉम्प्युटरचा ताबा देणारी डबी आणि ती बसवताना घ्यायची काळजी

बेळगाव : गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. महिन्याची १९ तारीख, दुसऱ्या दिवशी जीएसटीचं ३-बी भरायचं. माझ्या चुलतभावाचा चंदगडला काजूचा कारखाना आणि बेळगावात विक्रीचं दुकान. दोन राज्यं म्हणून दोन जीएसटी नंबर, एक २७ ने सुरू होणारा, दुसरा २९ ने. मी कॉमर्सवाला असल्यानं हिशेब बघायचं काम आपसूक माझ्याकडे आलेलं. टॅली चंदगडच्या कॉम्प्युटरवर, आणि मी बेळगावातून एनीडेस्कवर तो उघडून काम करायचो.

त्या दिवशी तिकडे पाऊस मुसळधार. लाईट गेली, आली, पुन्हा गेली. त्यानंतर एनीडेस्कवर कॉम्प्युटर 'ऑफलाईन' दिसू लागला. वॉचमनला फोन केला. तो म्हणाला, "साहेब, मशीन चालू हाय, पण काळ्या पडद्यावर इंग्रजीत कायतरी लिवून आलंय." वाचून दाखव म्हणालो, तर त्याला ते वाचता येईना. शेवटी रेनकोट चढवला आणि शिनोळीमार्गे चंदगड गाठलं. पडद्यावर लिहिलेलं होतं : पुढे जाण्यासाठी एफ-१ दाबा. दाबलं. विंडोज सुरू झालं. एका बटणासाठी भर पावसात जाऊन-येऊन अख्खी दुपार गेली.

सीमेच्या दोन्ही बाजूंना दुकान, गोदाम, पतसंस्थेची शाखा किंवा गावाकडचं घर असलेल्या बऱ्याच वाचकांना हा अनुभव ओळखीचा वाटेल. त्यावरचा उपाय म्हणून जे उपकरण वापरतात, ते काय आहे आणि ते लांबून कसं 'सेट' करावं, याची ही माहिती. मी कॉम्प्युटर इंजिनिअर नाही. स्वतः चुका करत जे शिकलो, तेवढंच सांगतो.

एनीडेस्क का चालत नाही?

एनीडेस्क, टीमव्ह्यूअर ही सॉफ्टवेअरं विंडोजच्या आत चालतात. विंडोजच उठलं नाही, तर तीही उठत नाहीत. कॉम्प्युटर सुरू केल्यावर आधी बायोस नावाची मूळ व्यवस्था जागी होते आणि ती मग विंडोजला उठवते. आमचा कॉम्प्युटर त्या पहिल्या पायरीवरच अडकला होता. मदरबोर्डवरचा तीन व्होल्टचा बटणासारखा सेल संपला होता. त्यामुळे लाईट गेली की बायोस तारीख-वेळ आणि आपल्या सेटिंग्ज विसरायचं, आणि पुन्हा सुरू होताना एफ-१ मागायचं.

याचंच मोठं रूप जगानं १९ जुलै २०२४ ला पाहिलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे विंडोजचे कॉम्प्युटर निळ्या पडद्यावर अडकले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं ते सुमारे ८५ लाख होते. आपल्याकडे विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले, हैदराबादचा असा एक पास तर मोबाईलवर सगळीकडे फिरला. उपाय तसा सोपा होता : सेफ मोडमध्ये जाऊन एक फाईल काढून टाकायची. पण विंडोज सुरूच होत नसल्यानं अनेक ठिकाणी माणसाला प्रत्येक कॉम्प्युटरपुढे जाऊन बसावं लागलं.

ही डबी काय करते?

या उपकरणाला आयपी केव्हीएम म्हणतात. केव्हीएम म्हणजे की-बोर्ड, व्हिडिओ आणि माउस. आकारानं तळहातात मावेल एवढी डबी. कॉम्प्युटरच्या मॉनिटरची एचडीएमआय वायर हिच्यात जाते, आणि हिची यूएसबी वायर कॉम्प्युटरला लागते. तिसरी वायर इंटरनेटच्या राउटरला.

कॉम्प्युटरला वाटतं की आपल्याला एक मॉनिटर आणि एक साधा की-बोर्ड जोडलाय. डबी पडद्यावरचं चित्र टिपून इंटरनेटवरून तुमच्या ब्राउझरमध्ये दाखवते, आणि तुम्ही इथं दाबलेली कळ तिथं दाबते. कॉम्प्युटरमध्ये कुठलंही सॉफ्टवेअर टाकावं लागत नाही. म्हणून बायोस असो, निळा पडदा असो, नवीन विंडोज टाकायचं असो, सगळं लांबून करता येतं. मोठ्या सर्व्हरमध्ये ही सोय कंपनीच देते. एचपीमध्ये तिला आयएलओ म्हणतात, डेलमध्ये आयड्रॅक. साध्या कॉम्प्युटरसाठी पायकेव्हीएम, टायनीपायलट, जेटकेव्हीएम, नॅनोकेव्हीएम अशी उपकरणं मिळतात.

वायरी जोडताना काही गोष्टी लक्षात ठेवा. मॉनिटरची वायर डबीत गेली की तिथल्या माणसाचा पडदा काळा होतो. डबीतून पुढे मॉनिटरला वायर नेण्याची सोय नसेल, तर एचडीएमआय स्प्लिटर लावा. जुन्या कॉम्प्युटरला फक्त व्हीजीए असेल, तर कन्व्हर्टर लागतो. डबीला वीज वेगळ्या ॲडॉप्टरनं द्या. ती कॉम्प्युटरच्याच यूएसबीवर चालत असेल, तर कॉम्प्युटर पूर्ण बंद पडल्यावर डबीही बंद पडण्याची भीती. आणि एक खास आपल्यासाठी : डबी 'कळा' दाबते, अक्षरं पाठवत नाही. त्यामुळे मराठी मजकूर इथून कॉपी करून तिथं थेट पेस्ट होत नाही.

डबीपर्यंत पोचायचं कसं?

खरी अडचण इथून सुरू होते. राउटर डबीला १९२.१६८ ने सुरू होणारा जो पत्ता देतो, तो घरातल्या घरात चालतो. बाहेरून त्या पत्त्यावर कोणी येऊ शकत नाही. शिवाय बऱ्याच इंटरनेट कंपन्या अनेक ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. चाळीत पोस्टाची एकच पेटी सगळ्यांना असावी, तसं.

काही जण राउटरमध्ये 'पोर्ट फॉरवर्डिंग' करून डबी थेट इंटरनेटवर उघडी ठेवतात. हे करू नका. इंटरनेटवर उघडी दारं शोधत फिरणारे प्रोग्राम रात्रंदिवस चालू असतात. या डबीचं दार उघडलं, तर चोराला तुमच्या की-बोर्डपुढे खुर्चीच मिळाली.

त्यापेक्षा व्हीपीएन वापरा. टेलस्केल ही त्यातली सोपी सोय, थोड्या उपकरणांसाठी मोफत. ती डबीवर आणि तुमच्या लॅपटॉपवर एकाच खात्यानं चालू केली की दोघांमध्ये खाजगी रस्ता तयार होतो. डबीला १०० ने सुरू होणारा एक पत्ता मिळतो, तो ब्राउझरमध्ये टाकला की चंदगडचा पडदा समोर. राउटरला हात लावावा लागत नाही.

बसल्या फांदीवर कुऱ्हाड नको

आता माझी चूक. डबी बसवली, आठवडाभर छान चालली. मग मला वाटलं, हिचा घरातला पत्ता कायमचा करून टाकू. बेळगावात बसून डबीच्या सेटिंगमध्ये गेलो, नवा पत्ता टाकला, गेटवेचा एक आकडा चुकला, आणि 'सेव्ह' दाबलं. पडदा गोठला. ज्या रस्त्यानं मी आत गेलो होतो, तोच मी मोडला होता. पुन्हा रेनकोट, पुन्हा शिनोळी.

माझी कान उघाडणी करणाऱ्या नेटवर्कवाल्या मित्रानं मग सांगितलं की ही चूक मोठमोठ्यांकडून होते. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम सुमारे सहा तास बंद होतं. देखभाल करताना दिलेल्या एका आदेशानं कंपनीच्या डेटा सेंटरना जोडणारं जाळंच तुटलं. इंजिनिअरांचा आत जायचा नेहमीचा रस्ताही त्याच जाळ्यातून होता. त्यांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये जावं लागलं, आणि कडक बंदोबस्तामुळे आत शिरायलाही वेळ लागला.

यावर नेटवर्कवाल्यांनी काढलेली युक्ती साधी आहे. जुनिपर कंपनीच्या राउटरमध्ये सेटिंग बदलताना 'कमिट कन्फर्म्ड' असा आदेश देता येतो. दहा मिनिटांत तुम्ही पुन्हा येऊन 'होय, सगळं ठीक आहे' म्हणालात तर नवं सेटिंग राहतं, नाहीतर राउटर आपणहून जुन्यावर जातो. आपल्या छोट्या डबीत ही सोय असेलच असं नाही. म्हणून पुढचा क्रम पाळा.

१. सगळी मांडणी आधी आपल्या टेबलावर करा. पासवर्ड, अपडेट, व्हीपीएन. मग लॅपटॉप मोबाईलच्या नेटवर जोडून 'बाहेरून' डबी उघडते का बघा. उघडली तरच ती पुढे पाठवा.

२. डबीमध्ये पत्ता पक्का करू नका, राउटरलाच सांगा की या डबीला नेहमी हाच पत्ता दे. राउटर बदलला तरी डबी नवा पत्ता घेऊन पुन्हा भेटते.

३. टेलस्केलच्या खात्यात उपकरणाची ओळख एरवी १८० दिवसांनी संपते. लांब ठेवलेल्या डबीसाठी ही मुदत बंद करा, नाहीतर सहा महिन्यांनी एका सकाळी ती गायब झालेली दिसेल.

४. एका वेळी एकच बदल करा. बदल रस्त्याशी संबंधित असेल, म्हणजे नेटवर्क, व्हीपीएन किंवा अपडेट, तर तिथं माणूस हजर असताना आणि कामाची गर्दी नसताना करा. १९ तारखेला तर नकोच.

५. तिथल्या माणसाला एवढं शिकवून ठेवा : कुठली वायर काढून पुन्हा लावायची. वायरीला रंगीत चिकटपट्टी लावली की फोनवर सांगणं सोपं जातं.

दार कोणासाठी उघडतंय?

पायकेव्हीएमसारख्या उपकरणात सुरुवातीचं नाव आणि पासवर्ड दोन्ही 'ॲडमिन' असतात. ते पहिल्या दिवशी बदला. दुहेरी पडताळणीची सोय असेल तर चालू करा. खरेदी करतानाही सावध राहा. एका स्वस्त उपकरणाच्या मूळ बोर्डवर, केव्हीएमच्या कामाशी काही संबंध नसलेला बारीकसा मायक्रोफोन संशोधकाला सापडला होता. जे उपकरण तुमचा पडदा बघतं आणि तुमचा की-बोर्ड चालवतं, त्याच्यावर अपडेट देत राहणारी, नाव असलेली कंपनी हवी.

याच गुणाचा गैरवापरही होतो. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागानं जाहीर केलं की उत्तर कोरियाचे आयटी कर्मचारी खोट्या ओळखीनं अमेरिकी कंपन्यांत नोकऱ्या करत होते. कंपन्यांनी पाठवलेले लॅपटॉप अमेरिकेतल्याच घरांमध्ये ठेवले जायचे, त्यांना अशा केव्हीएम डब्या जोडल्या जायच्या, आणि काम व्हायचं सातासमुद्रापलीकडून. डबी सॉफ्टवेअर नसल्यानं कंपनीच्या नजरेत सहज येत नाही. म्हणून 'वर्क फ्रॉम होम'चा ऑफिसचा लॅपटॉप परवानगीशिवाय अशा डबीला जोडू नका. आणि दुकानातल्या कॉम्प्युटरवर मुनीम किंवा दुसरा कर्मचारी बसत असेल, तर त्याला सांगून टाका की हा पडदा बाहेरून दिसतो. नकळत डोकावणं म्हणजे पाळतच.

डबीच्याही मर्यादा

लाईट आणि इंटरनेट दोन्ही गेलं, तर डबी निरुपयोगी. डबी आणि राउटर यांना छोटा यूपीएस हवाच. पूर्ण बंद कॉम्प्युटर चालू करायचा, तर पॉवर बटणाच्या वायरीला जोडणारा वेगळा भाग लागतो. तो नसेल तर बायोसमध्ये 'लाईट आल्यावर आपोआप चालू हो' हे सेटिंग करून ठेवा. पण सेल संपलेला असेल, तर बायोस हे सेटिंगही विसरणार.

म्हणून दुसऱ्या खेपेला मी आधी दुकानातून सेल घेतला. सीआर २०३२, मनगटी घड्याळाच्या सेलसारखा, पण मोठा. तो बदलला, मग डबीचा गेटवे दुरुस्त केला. भाऊ बघत होता. म्हणाला, "हा सेल आधीच बदलला असतास, तर?" खरं आहे, एफ-१ चा प्रश्न तिथंच मिटला असता. पण त्यानंतर दोनदा विंडोजचं अपडेट अर्ध्यावर अडकलं, आणि दोन्ही वेळा मी बेळगावात चहा पीत ते सोडवलं. रेनकोट खुंटीलाच राहिला.