घाण्यातला चुना

एखाद्या पडक्या गढीच्या तटाशी घटकाभर उभे राहून पाहावे, म्हणजे कोणे एके काळी सद्हेतूनेच झालेल्या मरामतीचे फळ डोळ्यांपुढे येते : जुन्या पातळ विटांचे दर्शनी अंग पिठासारखे झडून आत गेलेले, आणि दरजांत भरलेले सिमेंट तेवढे बरगड्यांसारखे बाहेर राहिलेले. व्हावयास हवे होते ते नेमके उलट. कारण झिजलेली दरज पुन्हा भरता येते, जुनी वीट पुन्हा आणता येत नाही.

भिंत जमिनीतून ओल ओढते, आणि चुन्याची दरज सच्छिद्र असल्याने ती ओल तिच्यातून सुखेनैव बाहेर पडते. सिमेंटने ती वाट बंद केली, की पाणी विटेतून वाट काढते व त्यातील क्षारांचे स्फटिक विटेच्या पृष्ठभागाखाली वाढून तिचे पापुद्रे सुटू लागतात.

चुन्याची प्रकृतीच निराळी. सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजलेल्या शुद्ध चुनखडीच्या १०० भागांतून वजनाने ४४ भाग कार्बन डायऑक्साइड निघून जातो व ५६ भाग कळीचा चुना उरतो. पाणी पडताच तो खदखदून, वाफा टाकून विझतो, आणि भिंतीत गेल्यावर हवेतला तोच वायू वर्षानुवर्षे शोषून घेत पुनश्च चुनखडी होतो. बारीक भेग पडलीच, तर पावसाच्या पाण्यात किंचित विरघळलेला चुना तिथे साचून ती आपोआप सांधतो, हा गुण मला विशेष मोलाचा वाटतो.

आपल्या गवंड्यांचा दस्तूर असा, की या चुन्यात वाळू किंवा विटांची सुरखी मिसळून तो बैलांच्या घाण्यात, दगडी चाकाखाली, लोण्यासारखा मऊ होईतो मळावयाचा, आणि प्रसंगी गूळ, हिरडा वा बेलफळही घालावयाचे. सुरखीतील सिलिकेशी संयोग झाल्याने हा चुना ओलीतही घट्ट होतो. अनेक किल्ल्यांवर अशा घाण्याचा वर्तुळाकार चर अद्याप दिसतो. औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्याचे बरेचसे शुभ्र अंग संगमरवराचे नसून चुनेगच्चीचेच आहे.

जोसेफ अ‍ॅस्पडिनने पोर्टलंड सिमेंटची सनद मिळविली १८२४ साली, आणि १९३१ च्या अथेन्स येथील परिषदेने तर प्राचीन वास्तूंसाठी सळईबंद काँक्रीटचा विवेकाने वापर करण्यास मान्यता दिली; तेव्हा गावोगावच्या पंचांना दोष देणे अन्यायाचे होईल. परंतु आता कारण कळले आहे. म्हणून ज्यांच्या हाती एखादे देऊळ, वाडा वा बुरूज आहे त्यांना विनंती एवढीच, की जुन्या दरजेचा सुटलेला तुकडा आधी जाणकाराकडून तपासून, त्यातील चुना-वाळूचे प्रमाण समजून घ्यावे, आणि तोवर सिमेंटचे पोते उघडू नये.